काटा हिरव्यात

४ फेब्रुवारी

धाकट्या,

अक्षर ओळखलं असशील. फाडायचं असेल तर फाड, पण निदान हे पहिलं पान वाचून मग फाड. चार वर्षं मी तुला लिहिलं नाही, तू मला लिहिलं नाहीस. ते उकरून काढायला हे पत्र नाही. माझं एकच सांगणं आहे. भिंगरीला पुलापलीकडच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात ठेवू नका.

तिचं नाव तिथे घातलंय हे आम्हाला भाजीबाजारात कळलं. तिची सासू तुझ्या वहिनीला भेटली. "तुमच्या पुतणीला मार्चच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिलीय, आणि तुम्हाला पत्ताच नाही? एकाच गावात राहता ना?" असं म्हणाली. वहिनी घरी येऊन तासभर भांडी आपटत होती. डॉक्टरांनी प्रवास करू नको सांगितलंय म्हणून भिंगरी तुमच्याकडे येत नाही, हेही त्या बाईकडूनच कळलं.

तर तो दवाखाना बरा नाही. एक म्हणजे तिथला जिना फार चढा आहे. पोटुशी बाई चढणार कशी? दुसरं, पाण्याला वास येतो. तिसरं, तिथल्या सिस्टर तुसड्या आहेत असं ऐकलंय. स्टेशनाजवळचा जुना दवाखाना केव्हाही चांगला, तो बसका आहे, एका मजल्याचा, दारं मोठी, झटकन बाहेर पडता येतं. तू बाप आहेस, जावयाला सांग. माझं नाव घेऊ नकोस. माझं नाव घेतलंस तर भिंगरी मुद्दाम तिथेच जाईल, ती तुझ्यावरच गेलीय.

आमचं ठीक आहे. वहिनीचे गुडघे दुखतात. मी अजून कामावर जातो. साहेब नीट वागतात, तक्रार काही नाही. झोप कमी झालीय, पण ती वयानं. दाराची कडी लावली की नाही ते मी तीनदा उठून बघतो. वहिनी म्हणते, आपल्याकडे चोरानं न्यावं असं एकच आहे, ते म्हणजे तुमची काळजी, ती नेली तर उपकारच होतील.

उत्तर दिलंस तर घरच्या पत्त्यावर दे, कारखान्याच्या नको. तिथे टपाल आधी साहेबांच्या टेबलावर जातं.

दादा


११ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. "जिना सगळीकडे चढाच असतो. खरं कारण काय?" एवढंच. मी हसलो, आणि मग वहिनीनं विचारलं काय झालं, तर मी कार्ड खिशात घातलं. तू असाच होतास. माझी थाप तुला पहिल्या वाक्यात कळायची.

बरं, जिन्याचं खोटं. पाण्याचंही खोटं. सिस्टर मात्र तुसड्या असतील, माहीत नाही.

कारण असं आहे की त्या दवाखान्याचे आग विझवायचे बावीस बाटले जानेवारीत आपल्याकडे भरायला आले होते. आपल्याकडे म्हणजे कारखान्यात. अजून आपल्याकडे असंच येतं तोंडात.

थोरल्या मालकांनी तुझ्याकडून आणि माझ्याकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं, आठवतं? आगीचा बाटला वर्षानं परत आला की आधी दाब सोड. उघड. पावडर ओत. चाळ. गोळे झाले असतील तर फेक, सुकी नवी भर. दाब भर. सील लाव. आणि सगळ्यात शेवटी पट्टीवर आपल्या नंबराचा ठसा मार, कारण ठसा म्हणजे तुझी जीभ, ती दिलीस की परत घेता येत नाही. माझा सात, तुझा आठ.

थोरल्या मालकांच्या जागी साहेब आले तेव्हापासून पाढा लहान झालाय. फडकं मार, सील बदल, पट्टी बदल, ठसा मार. उघडायचा नाही. साहेब म्हणतात, "काका, काटा हिरव्यात आहे ना? मग आत डोकावायचं कशाला? लग्नाच्या बायकोला रोज विचारता का, खूश आहेस का म्हणून?" सगळे हसतात. मीही हसतो.

पण काट्याला फक्त दाब कळतो रे. पावडर तळाशी बसून दगड झाली तरी वरती हवा तेवढीच, काटा हिरव्यातच. पिन काढली, दांडा दाबला, की हवा फुस्स करून निघून जाते आणि माणूस आगीसमोर रिकामं नळकांडं धरून उभा. हे तुला मी काय सांगणार.

त्या बावीसातला एकही उघडला नाही. बावीसांवर सात आहे. आता सगळ्यांवर सातच असतो. तू गेल्यापासून ठसे मारायला मी एकटाच उरलोय.

पूर्वीही भीती होती, नाही असं नाही. शुक्रवारी रात्री मी ताट पुढे सारायचो. उद्या मालक मागच्या अंगणात ट्रेमध्ये डिझेल पेटवणार, तयार बाटल्यांच्या रांगेतून डोळे मिटून एक उचलणार, पट्टी वाचणार, आणि ज्याचा नंबर त्याला म्हणणार, "तू भरलास, तूच विझव." तू पुढे व्हायचास तेव्हा बाह्या सरसावून, मी जायचो तेव्हा पाय ओढत. पण आग विझली की ट्रेमधून तो काळा धूर वर जायचा आणि मला इतकी भूक लागायची! शनिवारी मी चार पोळ्या जास्त खायचो. साहेबांनी ते बंद केलं. "भरलेला बाटला रिकामा करून परत भरायचा, हा कुठला शहाणपणा?" हिशेबाच्या दृष्टीनं बरोबरच आहे म्हणा. तेव्हापासून मला भूक नाही.

गेल्या सोमवारी गंमत झाली. ऑफिसातल्या बाईंनी आम्हा सगळ्यांना एक छापील कागद दिला. मोठ्या कंपन्यांची कामं मिळवायची तर असे कागद भरून ठेवावे लागतात म्हणे. 'आपण आपल्या कामावर किती समाधानी आहात?' पुढे पाच तोंडं काढलेली, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. 'आपल्याला न पटणारं काम करायला सांगितलं जातं का?' पुन्हा पाच तोंडं. रंगकामावरचा लांब्या कागद उलटासुलटा करून म्हणाला, "बाई, यात सहावं तोंड नाही का? पट्टी मारलेलं?"

बाई इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "लांबेराव, मी पण भरलाय. गुपचूप पहिल्या तोंडावर खूण करा आणि द्या."

साहेब काचेमागून बघत होते. मी सगळीकडे हसऱ्या तोंडावर खूण केली. हात इतका थरथरत होता की एका तोंडाला मिशा फुटल्या. मग बाईंनी तो कागद घेतला आणि मला दुसरा कोरा दिला. "हा नीट भरून आणा." तो अजून माझ्या खिशात आहे.

खरं कारण सांगितलं. आता भिंगरीला हलव. आणि हे पत्र चुलीत घाल.

दादा


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. पोचलं नसेल, की पोचून तू गप्प आहेस, हे कळायला मार्ग नाही. पोस्टाच्या पेटीत पत्र टाकताना मागून कारखान्याचा टेम्पो गेला होता. ड्रायव्हरनं मला बघितलं असेल का? बघितलं असेल तर त्याला काय वाटलं असेल? खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. मी खवखवतोय.

रविवारी मी स्वतः दवाखान्यात गेलो. तपासणीला भिंगरी येते हे तिच्या सासूनं सांगितलं होतं. मला वाटलं, ती समोर आली तर बोलेन, नाहीतर नुसतं बघून परत येईन.

जिना खरंच चढा आहे, बघ. मी खोटं बोललो नव्हतो, फक्त माहीत नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर बाळंतिणींचा हॉल. दोन्ही बाजूंना सोळा खाटा, बाहेर जायला दार एकच, आणि दाराशेजारी खुंटीला लाल बाटला. छान पुसलेला. पट्टीवर सात. काटा हिरव्यात. त्याच्या पलीकडच्या खोलीत प्राणवायूच्या टाक्या. मी बाटला खाली काढला, उलटा केला आणि कानाला लावला. चांगला बाटला उलटा केला की वाळूच्या घड्याळासारखी पावडर सरसर खाली येते. मी थांबलो. काही आलं नाही. हलवला. आत एकच ढेकूळ हललं, डब्यात दगड हलावा तसं.

"ओ आजोबा! ते रेडिओ आहे का?" मोठ्या सिस्टर ओरडल्या. हो, तुसड्याच आहेत. "ठेवा आधी ते. कोणाचे नातेवाईक तुम्ही?"

मागून आवाज आला, "माझे. माझे थोरले काका आहेत ते."

भिंगरी. पोट धरून उभी होती, चेहरा पिवळट पण डोळे तसेच खट्याळ. वाटलं, आता चार माणसांत सुनावणार. ती म्हणाली, "काका, चार वर्षांनी आलात आणि माझ्याआधी बाटल्याची चौकशी?"

मी म्हटलं, "पोरी, तू हा दवाखाना बदल."

"का?"

"जिना चढा आहे."

ती हसत सुटली. "बाबा फोनवर म्हणालेच, की काका जिन्याचं सांगतील म्हणून." म्हणजे माझं पत्र पोचलं होतं. "मी नाही हलणार. डॉक्टरीणबाई पहिल्यापासून बघतायत मला. बाबांनी अजून काही कारण सांगितलं नाही, तुम्हीही सांगत नाही. मग मी कशाला हलू?"

सांगायला तोंड उघडलं होतं मी. शप्पथ. पण शेजारच्या खाटेवर एक बाई होती, अगदी पोरगेलीशी, कुशीतलं मूल झाकून झोपलेली, आणि तिची आई पायाशी बसून आमच्याकडे बघत होती. त्यांच्यासमोर कसं सांगायचं? आणि भिंगरीला बाजूला नेऊन सांगायचं तर काय म्हणून सांगायचं, तू तेवढी नीघ?

मी बाटला खुंटीला लावला आणि जिना उतरलो.

येताना लांबून आलो. बेकरीच्या गल्लीतून मी चार वर्षांत गेलेलो नाही. बेकरीवाल्याचा तो हात, तीन बोटं एकमेकांना चिकटलेली, मी एकदाच बघितलाय. तुला माहीतच आहे कोणत्या बाटल्यामुळे ते झालं. म्हणजे कारखान्यात तेव्हा जे ठरलं ते तुला माहीत आहे. त्याबद्दल मी आत्ता लिहीत नाही.

भिंगरीला तू सांग. तुझं ऐकेल.

दादा


२४ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र आज दुपारी आलं. चार ओळींचं. मी ते वाचून घडी घातली, मग उघडलं, मग घडी घातली. वहिनी म्हणाली, "आता इस्त्री करा त्याला."

तू लिहिलंस, "भिंगरीला मी हलवू शकतो. बाकीच्या पंधरा खाटांवर कोणाच्या मुली आहेत, ते बघितलंस का? आणि बेकरीच्या बाटल्यावर आठ कोणी मारला, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्या दिवशी मी आलोच नव्हतो. माझा ठसा तुझ्या पेटीत होता."

चार वर्षं मी असं धरून चाललो होतो की तुला माहीत नाही. कसं धरलं असेल मी? साधी गोष्ट आहे, लहान मुलालाही कळेल. ज्याच्याकडे ठसा, त्यानं मारला. पण माणूस आपल्या सोयीचं तेवढंच बघतो. काटा हिरव्यात आहे ना, मग आत कशाला डोकवा.

आता सगळं लिहितो. कोणी फोडून वाचलं तर वाचो.

आपली रीत होती ना रे. तू नसलास तर तुझ्या वाटचे चार-सहा बाटले मी भरायचे आणि तुझा आठ मारायचा, मी नसलो तर तू माझा सात मारायचास, म्हणजे कोणाचं काम कमी दिसायला नको. दोन भावांतली गोष्ट. थोरल्या मालकांनाही कळलं असणार, पण ते बघायचे नाहीत, कारण बाटला नीट भरलेला असायचा. ठसा कोणाचाही असो, आत पावडर खरी होती.

त्या दिवशी तुझी बायको तापानं फणफणली होती, तू आला नव्हतास. साहेब नवीन होते. नवी पद्धत सुरू होऊन महिना झाला होता आणि त्या पूर्ण महिन्यात तू एकही बाटला न उघडता ठसा मारला नव्हतास. रोज भांडायचास. मी तुला म्हणायचो, "गप रे, आपल्याला काय करायचंय, वरचे बघून घेतील." त्या दिवशी तुझ्या रांगेत सहा बाटले होते. मला वाटलं, धाकट्याचं काम पडून राहिलं तर साहेबांना निमित्त मिळेल. तुझ्या भल्यासाठी म्हणून मी ते सहा उरकले. फडकं मारलं, सील बदललं, आणि पेटीतून तुझा आठ काढून मारला. न उघडता. ज्या कामाला तू नाही म्हणत होतास, त्यावर तुझीच जीभ मी लावली, आणि मला वाटत होतं मी भावावर उपकार करतोय.

त्यातला एक बेकरीत गेला.

बेकरीवाला भाजला तेव्हा साहेबांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं. पट्टी दाखवली. "आठ नंबर कोणाचा?" तू म्हणालास, "माझा." मग तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली बघत होतो. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो मी बघत होतो. तुला वाटलं असेल, दादा आता बोलेल. मलाही वाटलं होतं. साहेबांनी विचारलं, "काका, हा बाटला तुमच्या भावानंच भरला ना?" आणि मी मान हलवली. तोंडानं हो म्हणालो नाही, हे मी चार वर्षं स्वतःला सांगत आलोय. जसं काही मानेला पाप लागत नाही.

तू का बोलला नाहीस? एवढंच मला कळत नाही. एक वाक्य बोलला असतास तर मी गेलो असतो आणि तू राहिला असतास. साहेबांनी तुला कामावरून काढलं, संध्याकाळी तू डबा घेऊन निघालास, माझ्याजवळून गेलास आणि म्हणालास, "दादा, कडी नीट लाव." मला वाटलं टोमणा होता. आता कळत नाही काय होतं.

तेव्हापासून मी कामाच्या जागी खुर्चीच्या टोकावर बसतो. फोन वाजला की वाटतं, कुठे तरी आग लागली. गावात जाईन तिथे सात दिसतो, शाळेत, थिएटरात, दुकानात. नातेवाइकांच्या लग्नात मी जेवण सोडून हॉलच्या भिंती बघत फिरतो. साहेब खरंच वाईट वागत नाहीत. वहिनीच्या गुडघ्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी त्यांनीच दिली. म्हणूनच अवघड आहे. राक्षस असते तर मी केव्हाच निघालो असतो.

पंधरा खाटा. हो, बघितल्या. मोजल्याही. शेजारची ती पोरगेलीशी बाई मूल कुशीत घेऊन झोपली होती.

मी काय करू ते सांग. नको, सांगू नकोस. तुला विचारलं की मी परत सुटतो.

दादा


१ मार्च, शनिवार

धाकट्या,

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाकावरून लिहितोय. चार वाजलेत. भिंगरीला दुपारी आत घेतलं. अजून काही कळलं नाही. जावई फेऱ्या मारतोय. काळजी करू नकोस असं मला लिहिता येत नाही, कारण मीच करतोय.

सकाळचं आधी सांगतो, क्रमानं, नाहीतर गोंधळेन.

सात वाजता मी इथे आलो आणि मोठ्या सिस्टरांना म्हटलं, दाराजवळचा बाटला तपासणीला न्यायचाय. "तुम्हीच ना ते, रेडिओ ऐकणारे?" म्हणाल्या. पण दिला. रिक्षात तो मांडीवर घेऊन बसलो. रिक्षावाला म्हणाला, "आजोबा, नातवासारखा धरलाय." मी म्हटलं, हळू चालव.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मागच्या अंगणात गेलो. थोरल्या मालकांचा ट्रे अजून तिथेच आहे, शेडमागे, गंजलेला, त्यात पावसाळ्यातली पानं कुजलेली. पानं काढली. डिझेल ओतलं. माझ्या हाताला काडी पेटेना. तीन काड्या मोडल्या. लांब्या डबा खात होता, तो उठून आला, काही न विचारता त्यानं काडी ओढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, "शनिवार आहे होय आज?"

आग भडकली तसे सगळे जमले. ऑफिसातल्या बाई आल्या. साहेब शर्टाची बटणं लावत धावत आले. "काका! काय चाललंय हे?"

मी पट्टी वाचली. मोठ्यानं. "सात नंबर. पुलापलीकडचा दवाखाना, तिसरा मजला, बाळंतिणींचा हॉल." मग स्वतःलाच म्हटलं, तू भरलास, तूच विझव. आणि पिन काढली.

धाकट्या, मनात एक चोर होता. वाटत होतं, निघेल. कदाचित पावडर निघेल, आग विझेल, आणि मी उगाच घाबरलो असं होईल. इतकं मी कशासाठी कधी मागितलं नाही.

फुस्स झालं. दोन श्वासांएवढं. नळीच्या तोंडाला चिमूटभर पांढरं आलं आणि ते वाऱ्यानं माझ्याच चेहऱ्यावर बसलं. आग होती तशीच. मी दांडा दाबतच राहिलो. काटा हळूहळू हिरव्यातून लालात गेला. माझ्या भुवया होरपळल्या तेव्हा लांब्यानं मला मागे ओढलं आणि ओलं पोतं टाकून ट्रे विझवला.

दोघं जण डबे उचलून आत गेले. त्यांना दोष नाही, मीही गेलो असतो.

साहेब जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "काका, वय झालंय तुमचं. घरी जा, आराम करा. आणि एक लक्षात ठेवा, त्यावर नंबर तुमचा आहे. माझा नाही."

हेच ते वाक्य, ज्याला मी चार वर्षं भीत होतो. आलं एकदाचं. मी म्हटलं, "हो. माझाच आहे. बावीसही माझेच. आणि बेकरीवरचा आठही मीच मारला होता, धाकट्यानं नाही."

खिशातून कागद काढला. लिहिलेला तयार होता. तोच, पाच तोंडांचा, त्याच्या कोऱ्या बाजूला मी घरून सगळं लिहून आणलं होतं, तारखांसकट. एक दवाखान्यासाठी, एक अग्निशमनच्या ऑफिसासाठी हवा होता, पण माझ्याकडे एकच होता. साहेबांनी हात पुढे केला, "द्या इकडे." मी देणार होतो रे. सवय. त्यांनी हात पुढे केला की माझा आपोआप जातो. तेवढ्यात ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "काका, आधी माझ्याकडे द्या, मी दोन प्रती टाईप करते." साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. बाईंचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता, पण त्या कागद घेऊन आत गेल्या आणि टाईपरायटर वाजायला लागला. सगळ्या अंगणात तेवढाच आवाज.

साहेब गाडी काढून गेले. वकिलाकडे असतील. मला वाटलं दवाखान्यात माझ्या आधी पोचतील, पण इथे आलेले नाहीत.

मग मी आणि लांब्यानं तो बाटला उघडला. आतून काय निघालं माहीत आहे? मडक्याच्या आकाराचा एकसंध गोळा. सळईनं फोडावा लागला. आत धुऊन, पुसून, वाळवून घेतला. नवी पावडर चाळली. लांब्याला चाळता येत नव्हतं, त्याला कोणी शिकवलंच नाही. म्हणाला, "चौदा वर्षं इथे बाटले रंगवतोय, आत काय असतं ते आज बघितलं." दाब भरला. सील लावलं. ठसा मारताना हात थरथरला नाही. का ते माहीत नाही.

येताना एक प्रत अग्निशमनच्या ऑफिसात दिली, दुसरी इथे मोठ्या सिस्टरांना. त्यांनी उभ्याउभ्या वाचली आणि मला वाटलं थोबाडीत मारतात. मारली नाही. डॉक्टरीणबाईंना बोलावलं. तासाभरात बाकीचे एकवीस खाली उतरवले, जिन्यात रांगेनं ठेवलेत, आणि प्रत्येक मजल्यावर वाळूच्या बादल्या आणल्या. दुसऱ्या ठिकाणाहून नवे बाटले संध्याकाळपर्यंत येतील म्हणतात. प्राणवायूच्या खोलीबाहेर एक वॉर्डबॉय बसवलाय. मला सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही कुठेही जायचं नाही. तुमचा तो एक बाटला घेऊन दारापाशी बसा." शिक्षा म्हणून की विश्वास म्हणून, हे त्यांनी सांगितलं नाही.

म्हणून बसलोय. बाटला पायांमध्ये धरला आहे. मघाशी उलटा करून कानाला लावला. सरसर आली.

सोमवारी अग्निशमनच्या ऑफिसात बोलावलंय. अटक होते का अशा गोष्टीत? कोणाला विचारावं कळत नाही. शाळा, थिएटर, सगळ्या जागांची यादी करायला सांगितलीय, जेवढं आठवेल तेवढं. मला सगळंच आठवतंय. त्यानंतर बेकरीच्या गल्लीत जायचंय. तिथे काय बोलायचं ते अजून सुचत नाही.

वहिनीला निरोप पाठवला होता, सगळं सांगून. ती डबा घेऊन आली, गुडघे धरत तो चढा जिना चढून. मला वाटलं आता बोलणार. ती बाकावर टेकली, डबा उघडला, आणि म्हणाली, "आधी खा." चार पोळ्या होत्या. सगळ्या खाल्ल्या, धाकट्या.

भीती वाटतेच आहे. पण ही शुक्रवारच्या रात्रीची वाटते. ती कशी संपते ते मला माहीत आहे.

पाकिटात तुझा आठ आहे. चार वर्षं माझ्या पेटीत होता, त्यावर गंज चढू दिला नाही, एवढंच मी केलं. आता तो दुसरं कोणी मारणार नाही.

आतून रडण्याचा आवाज येतोय. लहान आवाज आहे. भिंगरीचा नाही. थांब, दार उघडतंय

दादा